मदत हवी आहे : पी.एम. (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये 'अभिप्राय राखून ठेवला', पुढे काय करायचं?

होटगीकर :
मामा अक्कलकोट रोडला अपघातात गेले. पी.एम. रिपोर्ट मिळालाय, पण मृत्यूच्या कारणापुढे 'अभिप्राय राखून ठेवला, व्हिसेरा जतन' एवढंच आहे. विमावाले म्हणतात, कारण आल्याशिवाय फाइल हलणार नाही. पोलीस ठाण्यात विचारलं की 'लॅबकडून आलं की कळवू'. मामी कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपते. रिपोर्ट लवकर कसा काढायचा? कुणाची ओळख असेल तर सांगा, घाई आहे.

बाळीवेसवाला :
गाडी कुठली? धडक की घसरून? गुन्हा दाखल आहे की नुसती अकस्मात मृत्यूची नोंद?

शेंगाचटणी :
व्हिसेरा ठेवला म्हणजे दारूचा संशय. दारू निघाली तर एक रुपया मिळत नाही, आमच्या शेजारी झालंय.

शवागारातला डॉक्टर :
घरच्यांना असलं काही सांगू नका हो. दारूसाठी रक्त वेगळं घेतात, सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत. व्हिसेरा म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग. विष वगैरे नाही ना, हे बघायला मिठाच्या संपृक्त द्रावणात लॅबला जातात. होटगीकर, रकाना १७ आणि १९ मध्ये काय आहे?

साखरपेठ :
हेल्मेट होतं का?

बाळीवेसवाला :
आता हेल्मेटचं काय घेऊन बसलात? माणूस गेलाय.

साखरपेठ :
डोक्याला मार असेल तर तेच पहिलं विचारणार.

होटगीकर :
स्कूटीवर होते, हेल्मेट नव्हतं. मागून टेम्पोनं उडवलं, त्याच्यावर गुन्हा आहे. तो म्हणतो, मामा आधीच चक्कर येऊन पडले. १७ मध्ये भरपूर जखमा, १९ मध्ये कवटीला तडा, आत रक्त साकळलेलं. हृदयही तपासणीला पाठवलंय.

शवागारातला डॉक्टर :
हे आधी सांगायचं ना! झटका आला होता का, हे बघायला हृदय फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवतात. आत एवढं रक्त साकळलं म्हणजे मार लागला तेव्हा रक्ताभिसरण चालू होतं. पण टेम्पो लागला की नाही, हे एकट्या डोक्यावरून ठरत नाही. कपड्यांवरचा रंग, ग्रीस, टायरचे वळ, पायावरच्या जखमेची उंची बघावी लागते. कपडे जप्त केलेत का, ते विचारा.

जुनी मिल चाळ :
मृत्यूचा दाखला महापालिकेत मिळतो. जास्तीच्या प्रती घेऊन ठेवा.

वकीलताई :
होटगीकर, विमा कुणाचा, मामांच्या स्कूटीचा की टेम्पोचा?

होटगीकर :
स्कूटीचा.

वकीलताई :
तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. तिथे कारण मागणारच. टेम्पोच्या विम्याचा दावा वेगळा, तो मोटार अपघात न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. व्हिसेऱ्यासाठी थांबू नका. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट (मरणोत्तर पंचनामा), पी.एम. नोट्स जोडून दाखल करा, अंतिम अभिप्राय मागाहून देता येतो.

आणि ओळख शोधू नका. लॅबचा अहवाल ठाण्यात येतो, तिथून तपास अधिकाऱ्यानं डॉक्टरांकडे अभिप्रायाला पाठवायचा असतो. बऱ्याचदा कागद इथेच पडून राहतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अपघात कधीचा?

होटगीकर :
दिवाळीच्या आठवडाभर आधीचा. टेम्पोच्या पॉलिसीची प्रत कुठे मिळेल?

वकीलताई :
तपास अधिकाऱ्याकडे, त्याच अर्जात मागा. उद्याच द्या.

शवागारातला डॉक्टर :
कपड्यांचंही त्यातच लिहा.