सेफ्टी लावली म्हणजे झालं?

वर एकाने लिहिलंय की रायफलची सेफ्टी (ट्रिगर अडवणारा खटका) ऑन असेल तर चेंबरमधे (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी उडते तिथे) गोळी ठेवून शिकारीला रानात फिरायला काही हरकत नाही, हरीण दिसल्यावर बोल्टचा (गोळी चेंबरमधे सारणारा दांडा) आवाज नको. हे मला अजिबात पटत नाही. सेफ्टी हा शेवटी एक यांत्रिक भाग आहे, थंडीत गोठतो, त्यात माती जाते, झुडपाला घासून नकळत सरकतो. रेमिंग्टन ७०० सारखी इतकी खपणारी रायफल, तिचे २००६ ते २०१४ मधे बनलेले एक्स-मार्क प्रो ट्रिगर कंपनीने स्वतः २०१४ ला परत मागवले, का तर ट्रिगर न ओढता गोळी सुटू शकत होती!

इथे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना शिकारीच्या लायसन्ससाठी सहसा हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, त्यात पहिलाच धडा, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. चालताना मॅगझीन (रायफलमधली गोळ्यांची पेटी) भरलेलं, चेंबर रिकामं. जागेवर बसलात की मगच बोल्ट पुढे घ्या, हळूहळू दाबत नेला तर फारसा आवाज होत नाही. कुंपण ओलांडताना बोल्ट उघडा, रायफल पूर्ण रिकामी करा, तारेपलीकडे आडवी ठेवा, नळी आपल्यापासून लांब, मग थोडं बाजूने ओलांडा. ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) तर खांद्याला लटकवून चढूच नका, आधी वर जाऊन बसा आणि मग रिकामी रायफल दोरीने ओढून घ्या, नळी खाली करून.

आणि सोबत कोणी पुढे चालत असेल तर प्लीज, चेंबर रिकामंच ठेवा.