मजुरीसाठी शहरात येताना मुलांना गावी ठेवावे का?

तुर्भ्यातील शिक्षिका:
नवी मुंबईतील उलवे, खारघर भागातील बांधकामांवर येणारी अनेक कुटुंबे मुलांना गावी आजी-आजोबांकडे ठेवतात. माझे मत असे की, शक्य असेल तेथे मूल आईवडिलांसोबतच असावे. मुलांमधील नैराश्य रडण्यातूनच दिसते असे नाही; सतत पोट दुखणे, झोप न लागणे, लहानशा कारणावरून चिडणे, आवडता खेळ सोडणे अशा रूपांत ते येते. काही मुले अगदी गप्प होतात आणि घरचे त्यालाच समजूतदारपणा मानतात, याचे मला फार वाईट वाटते.

कोपरखैरणे, माथाडी कामगार:
बाई, आपली कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही. सोबत आणायचे म्हणजे पत्र्याच्या खोलीत, जेथे दोघेही कामावर गेल्यावर मुलाकडे पाहायला कोणी नसते. माझी मुले साताऱ्याकडे आजीजवळ वाढली आणि त्यांची शाळा बुडाली नाही. मुलाला खचवते ती अनिश्चितता: दिवाळीला येतो म्हणून सांगायचे आणि मुकादमाने सोडले नाही म्हणून जायचे नाही.

तुर्भ्यातील शिक्षिका:
अनिश्चिततेचा मुद्दा मान्य. परंतु पाहायला कोणी नसणे हा व्यवस्थेचा दोष आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या, बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातही ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर हवे, अशी तरतूद होती. मोठ्या मुलांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, ज्यानुसार दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे कामगारांना कोणी सांगतच नाही.

शहापूर, कार्यकर्ता:
वीटभट्टीवरील कातकरी आदिवासी कुटुंबांची मुले सोबतच असतात, तरीही दिवाळीनंतर त्यांची शाळा सुटते ती पावसाळ्यापर्यंत, आणि विटा उलटायला त्यांचेच हात लागतात. मालकाकडून उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) घेतलेल्या बापाला निवड कसली?

तुर्भ्यातील शिक्षिका:
उचलीत माणूस अडकवणे १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. तो लढा लढावाच, मात्र त्यावरून मुलांना दूर ठेवणे योग्य ठरत नाही.

कोपरखैरणे, माथाडी कामगार:
लढा संपेपर्यंत मूल मोठे होते, बाई. तोवर ठरलेल्या वेळी रोज फोन करावा, परतण्याची तारीख खरी सांगावी आणि मूल फारच गप्प झाले तर १४४१६ या टेलि-मानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) क्रमांकावर विचारावे. मुलांना गावी ठेवण्याबाबत माझे मत कायम आहे.