बोलणं पट्टीवरून सुरू करा, पक्षावरून नाही

'विरुद्ध पक्षाच्या माणसाशी राजकारण बोलूच नये, नाती तुटतात' असं पुष्कळ जण सांगतात. तुटतात, हे खरं. माझा मोठा चुलतभाऊ २०१९च्या निवडणुकीनंतर कित्येक वर्षं आमच्या ओसरीवर चढला नाही. पण अबोला हा उपाय मला पटत नाही. खेड्यात धुरा (शेताचा बांध) सामाईक असतो, टाळून टाळणार किती?

आमचं बोलणं परत सुरू झालं २०२४च्या दिवाळीच्या सुमारास, सोयाबीनवरून. तेव्हा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. पण खरेदी केंद्रानं दोघांचाही माल ओला म्हणून परत केला, नि हाती आली व्यापाऱ्याची ४,१०० ची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी. भावानं पोत्यातला दाणा दाताखाली कडकन फोडला. म्हणाला, "वाळला हाये ना बे, मंग ओला कायले म्हणते?" त्या दिवशी दाण्यात १२ टक्क्यांहून जास्त ओलावा नको या खरेदीच्या अटीवर आम्ही तासभर बोललो, एकदाही आवाज न चढवता. (केंद्र सरकारनं पुढे नोव्हेंबरात ती मर्यादा १५ टक्के केली, तोवर आमचा माल विकून झाला होता.) दोष कोणाचा, यावर आजही आमचं जमत नाही. मतही तो त्याच्याच पक्षाला देतो. पण पुढच्या हंगामात हमीभावाच्या नोंदणीला आम्ही एकाच गाडीवर गेलो.