मदत हवी आहे: धुळीच्या वादळात गाडी सापडली तर दिवे चालू ठेवायचे की बंद? (ॲरिझोना)

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. आम्ही या वर्षी पुण्याहून चँडलरला राहायला आलो. ऑगस्टपासून मला आठवड्यातून दोनदा टूसॉनला विद्यापीठात जायचंय, आय-१० हायवेवरून, तेही एकटीने. गाडी चालवायची भीती नाही, एक्सप्रेसवे अंगवळणी पडलेला आहे. पण इथे ज्याला सांगावं तो आधी हबूबची, म्हणजे धुळीच्या वादळाची, गोष्ट सुनावतो आणि मग ५ जुलै २०११ चा तो व्हिडिओ दाखवतो. जवळपास शंभर मैल रुंद आणि मैलभर उंच धुळीची भिंत फीनिक्सवर चाल करून येतेय.

बरं, सल्लाही एक नाही. शेजारच्या आजी म्हणतात, रस्त्याच्या बाहेर जा, सगळे दिवे बंद कर, ब्रेकवरचा पायसुद्धा काढ. नवरा म्हणतो, काहीतरीच काय, खंडाळ्याच्या धुक्यात लावतो तसे चारही इंडिकेटर लाव आणि हळूहळू पुढे जात राहा. मला नवऱ्याचं पटतंय, पण आजींचा जन्म इथलाच आहे. नक्की काय करायचं? आणि हे वादळ आधी कळतं का? कधी कधी मुलगाही बरोबर असेल, त्याला दम्याचा थोडा त्रास आहे.

सग्वारो_काका

आजींचं ऐका. इथल्या परिवहन खात्याची मोहीमच आहे, 'पुल असाइड, स्टे अलाइव्ह', आणि त्यात हेच सांगतात.

कारण समजलं की विसरायला होत नाही. धुळीत शिरलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, पांढरी पट्टी दिसत नाही. दिसतात ते फक्त पुढचे दोन लाल दिवे. तो बिचारा त्यांच्या मागे मागे जातो. ते दिवे तुमच्या उभ्या गाडीचे असले तर तो थेट तुमच्यावर येऊन आदळतो, कारण त्याच्या लेखी तुम्ही चालत आहात. ब्रेकवरचा पाय काढायचा तो याचसाठी. खंडाळ्यात सगळेच वीस-तीसच्या वेगाने रांगत असतात, म्हणून तिथली सवय निभावून जाते. इथे वेगमर्यादा ताशी ७५ मैल आहे आणि मागून अठरा चाकी ट्रक येत असतो.

तेव्हा क्रम असा. पुढे भिंत दिसली की आत शिरायचंच नाही, मिळेल त्या एक्झिटने बाहेर पडायचं आणि पेट्रोल पंपावर कॉफी घ्यायची. उशीर झाला असेल तर आरशात मागे बघत वेग कमी करायचा (करकचून ब्रेक नको) आणि उजवीकडे, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे, डांबर सोडून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. आपल्याला डावीकडे गाडी घ्यायची सवय, गडबडीत हात तिकडेच वळतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. मग हँडब्रेक, सगळे दिवे बंद, पाय वर, पट्टा बांधलेलाच. गाडीतून उतरायचं नाही.

घाटवाट

काका, माफ करा, पण हे पटत नाही. काळोखात दिवे बंद करून हायवेच्या कडेला बसायचं? बाजूला जायला जागाच नसेल तर? पुलावर असलो तर?

सग्वारो_काका

रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की चाक फिरतंय तोवर दिवे चालू, चाक थांबलं की बंद. पुलावर किंवा रस्त्याच्या कामाच्या पट्ट्यात असाल आणि बाहेर पडायला वाव नसेल, तर थांबायचं नाही. हेडलाइट लावून, जितकं दिसतंय तितक्याच वेगाने, पट्टीचा अंदाज घेत, अधूनमधून हॉर्न देत पुढे सरकायचं आणि पहिल्या मोकळ्या जागी बाहेर पडायचं. सगळ्यात वाईट काय, तर चालत्या लेनमध्ये थांबणं. कॅलिफोर्नियात कोअलिंगाजवळ आय-५ वर २९ नोव्हेंबर १९९१ ला धुळीत १०४ गाड्या एकमेकींवर आदळल्या, १७ माणसं गेली. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीची गर्दी होती.

धुळाक्षरे

चैत्रपालवीताई, आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. हल्लीच्या गाड्यांचे दिवे बंद करायचे म्हटले तरी होत नाहीत. स्विच 'ऑटो'वर असतो, अंधारलं की ते आपोआप लागतात. शिवाय पुढचे दिवसाचे दिवे वेगळेच. काही गाड्यांत हँडब्रेक ओढला की ते विझतात, काहींत इंजिनच बंद करावं लागतं. काहींत बटण दाबून इंजिन बंद केलं तरी दार उघडेपर्यंत हेडलाइट जळत राहतात. हे वादळात शोधत बसायचं काम नाही. आजच रात्री नवऱ्याला गाडीमागे उभं करा आणि स्वतः आत बसून एकेक करून बघा. (नवऱ्यालाही पटेल.)

सग्वारो_काका

छान मुद्दा. आता आधी कळतं का, याबद्दल. दोन प्रकारची धूळ आहे आणि लोक एकाचीच चर्चा करतात.

मोठी भिंत येते ती गडगडाटी ढगांतून. ढगातला पाऊस कोरड्या हवेत खाली येता येता वाळतो, हवा गार आणि जड होऊन धाडकन जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. ती वाटेतली सगळी माती उचलते. हे बहुतेक दुपारनंतर किंवा संध्याकाळी, १५ जून ते ३० सप्टेंबर या इथल्या मॉन्सूनच्या काळात. ही भिंत लांबून दिसते, हवामान खात्याचा इशारा फोनवर कर्कश वाजतो. तो आवाज बंद करून ठेवू नका. ५११ या फोन नंबरवर रस्त्याची स्थिती कळते.

दुसरी धूळ कपटी. कासा ग्रांदे, एलॉय, पिकाचो या पट्ट्यात पडीक शेतं आहेत. वारा सुटला की एखाद्याच शेतातून धुळीचा लोट उठून रस्ता ओलांडतो. वर आकाश निळं, मागेपुढे लख्ख ऊन आणि मध्येच काही दिसेनासं होतं. पिकाचो पीकजवळ २९ ऑक्टोबर २०१३ ला १९ गाड्यांची टक्कर झाली आणि तीन जण गेले. महिना बघा, मॉन्सून संपला होता. त्यानंतर मैलदगड २०९ ते २१९ या दहा मैलांत रडार आणि धूळ मोजणारे सेन्सर बसवले. तिथल्या वेगमर्यादेच्या पाट्या ७५ वरून ३५ पर्यंत उतरतात. आकाश स्वच्छ असताना पाटीवर ३५ दिसलं तर हसू नका, वेग उतरवा.

कुवेतकर

आमच्याकडे चित्र निराळं. उन्हाळ्यात इराककडून शमाल वारा सुटतो तो दिवसेंदिवस चालतो. कडेला थांबून किती थांबणार? त्यामुळे इथे लोक हळू चालवत राहतात नाहीतर घराबाहेरच पडत नाहीत. ॲरिझोनातलं बहुतेक तासाभरात निवळतं म्हणतात, मग थांबणंच शहाणपणाचं. आमच्याकडचा खरा त्रास नंतरचा: रस्त्यावर वाळूचे पट्टे साचतात आणि त्यावर चाक खडीवरून घसरावं तसं घसरतं.

सग्वारो_काका

इथे नंतर येतो तो पाऊस. धुळीमागून बऱ्याचदा धो धो कोसळतो आणि कोरडे ओढे दहा मिनिटांत भरून वाहतात. अडथळे ओलांडून पाण्यात गाडी घातली आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून घेणारा कायदा १९९५ पासून आहे. लोक त्याला 'स्टुपिड मोटरिस्ट लॉ' म्हणतात.

वैद्यबुवा_नाही

मुलासाठी: काचा वर, एसी आतली हवा फिरवण्यावर. इन्हेलर पुढच्या कप्प्यात ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. आणि इथल्या मातीत एक बुरशी असते, तिने व्हॅली फीवर होतो. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, धुळीतून श्वासात जातो. धूळ खाल्ल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, प्रचंड थकवा आला आणि औषधाने हटेना, तर डॉक्टरांना त्याची रक्ततपासणी करायला स्वतःहून सांगा. घाबरायचं कारण नाही, बहुतेकांना आपोआप बरं वाटतं.

घाटवाट

इंजिन बंद म्हणजे एसी बंद. ४३ अंशात मूल घेऊन बसायचं?

धुळाक्षरे

दिवे विझवून इंजिन चालू राहत असेल तर राहू द्या, म्हणूनच आधी तपासायला सांगितलं. फक्त उंच वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, खालचा पाइप तापलेला असतो, गवत पेटतं. पाणी भरपूर ठेवा. घरी आल्यावर एअर फिल्टर बघा.

चैत्रपालवी

सगळ्यांचे आभार. काल रात्री पार्किंगमध्ये प्रयोग केला. आमच्या गाडीचे दिवे हँडब्रेक ओढून आणि स्विच 'ऑफ'वर नेऊनच पूर्ण विझतात, इंजिन चालू राहतं. नवरा मागे उभा होता, तो आता आजींच्या पक्षात आहे. विद्यापीठाला दोन्ही दिवस सकाळचे द्या म्हणून लिहिलंय, म्हणजे एकच्या आत परत निघता येईल. एक राहिलं: एलॉयच्या अलीकडे, मुलाला घेऊन तासभर बसता येईल अशी जागा कोणत्या एक्झिटला आहे?

सग्वारो_काका

कासा ग्रांदेलाच बाहेर पडा. तिथे दुकानं, खायची ठिकाणं सगळं आहे. त्यापुढे पिकाचोपर्यंत ट्रकवाल्यांचे थांबे आहेत, पण वादळात तिथे जागा मिळणं कठीण.