मदत हवी आहे: 'मायग्रंट मदर' फोटोखाली काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात अमेरिकेतल्या महामंदीच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावतोय. फोटो मिळवणं सोपं गेलं. फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, साइटवरून फुकट उतरवून घेता येतात आणि सरकारी काम असल्याने हक्कांची भानगड नाही. अडलंय ते खालच्या ओळींवर.

याच खात्यासाठी फोटो काढणाऱ्या डोरोथिया लँगचा 'मायग्रंट मदर' (स्थलांतरित आई) बहुतेकांनी पाहिला असेल. १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, थंडीने गेलेलं वाटाण्याचं पीक, मजुरांच्या तळावर मुलांना बिलगून बसलेली ३२ वर्षांची बाई. लँगने नाव विचारलं नव्हतं. या लोकांनी गाडीचे टायर विकून खायला आणलं, असं तिने पुढे लिहिलं. १९७८ मध्ये ती बाई कोण ते कळलं: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी वंशाची. टायरची गोष्ट तिच्या घरच्यांना मुळीच मान्य नव्हती. वर, फोटो पेपरात आल्यावर तळावर सुमारे २०,००० पौंड अन्न पोचलं तेव्हा हे कुटुंब पुढे निघून गेलं होतं. फोटोचे आपल्याला काहीच पैसे मिळाले नाहीत, ही तिची तक्रार. (लँगलाही वेगळे मिळाले नाहीत, ती पगारी नोकर.)

मूळ सरकारी ओळीत फक्त कंगाल वाटाणातोडे, सात मुलांची आई, वय, गाव. समितीतले एक काका म्हणतात, "तीच लावा, भिंतीवर वाद कशाला?" मला पटत नाही. नाव माहीत असताना ते गाळायचं कसं? पण ५०-६० शब्दांत दोघींचं म्हणणं बसवताना लँग खोटारडी ठरते, तेही नको. कुणी असं काही लिहिलंय का? एखादा मसुदा सुचवाल?

अजून दोन शंका. लँगने नंतर निगेटिव्हमधून कोपऱ्यातला अंगठा पुसवून घेतला. अंगठा दिसणारा जुना प्रिंटही मिळतो. कोणता लावावा? आणि याच खात्याच्या आर्थर रॉथस्टीनने साउथ डकोटात दुष्काळ दाखवताना गुराची कवटी जागेवरून हलवून काढलेले फोटो, ज्यावरून १९३६ च्या निवडणुकीआधी रूझवेल्टविरोधी पेपरांनी रान उठवलं, ते शेजारी-शेजारी लावले तर शाळकरी मुलांना सगळेच फोटो बनावट वाटतील का? माझा कल लावण्याकडे आहे.

फलक पुढच्या आठवड्यात छपाईला द्यायचेत. प्रदर्शनं लावलेल्यांनी जरूर लिहा.