केळीच्या खांबाचं काळं पाणी: लिग्निन गाळताना कापड चोंदतंय

रावेरपट्टा
केळीच्या खांबाचा धागा कॉस्टिक सोड्यात शिजवून कागदाचा लगदा करतो. उरलेल्या काळ्या पाण्याचा पीएच १३ च्या आसपास. सल्फ्युरिक आम्ल ओतून ३ वर आणलं की लिग्निन (धागे एकमेकांना धरून ठेवणारा वनस्पतीतला घटक) सुटतं, पण गाळाची खीर होते, फिल्टर प्रेसचं कापड दहा मिनिटांत चोंदतं. शिवाय लिग्निनमध्ये राख फार. चुकतंय कुठं? आणि गाळून उरलेलं पाणी बागेला देता येईल का?

फिल्टरवाला
थंड काळ्या पाण्यात आम्ल भसाभस ओतलं की खीरच होणार. आधी ६०–७० अंशांवर आणा. आम्ल पातळ करून घ्या (आम्ल पाण्यात, उलट नाही) आणि बारीक धारेनं सोडा, ढवळणी संथ. टाकी अर्धीच भरा. कार्बोनेट फुटलं की फेस काठावरून उतू जातो. पीएच ३ झाल्यावर त्याच तापमानाला अर्धा-पाऊण तास राहू द्या, कण जाड होतात. फार तापवलंत तर लिग्निन मऊ पडून डांबरासारखं पात्यांना चिकटेल.

धुवायला साधं पाणी नको. क्षार उतरले, पीएच चढला की लिग्निन फुगतं आणि कापड परत चोंदतं. पीएच २–३ चं पाणी वापरा. वाळवायला आपलं वैशाखाचं ऊन पुरे.

तापीकाठ
राखेचं म्हणाल तर ती पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये उकळून बघा. विरघळली तर सोडियम, म्हणजे धुणं कमी पडलं. कांडीखाली कचकचणारं पांढरं तळाशी राहिलं तर बहुतेक सिलिका (वाळूतला घटक). मग आधी कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच १० च्या किंचित वर थांबा. बरीच सिलिका तिथंच बसते, ती गाळून पुढं जा. जास्त खाली उतरलात तर लिग्निनही तिच्यासोबत जाईल. कागदी पट्टीवर हे जमत नाही, काळ्या पाण्यात पट्टी काळीच दिसते. १० च्या बफरवर (पक्क्या पीएचच्या द्रावणावर) जुळवून घेतलेलं पीएच मीटरच हवं.

सोडाहिशेब
भाऊ, बागेला अजिबात नको. १ किलो कॉस्टिक मारायला जवळपास सव्वा किलो सल्फ्युरिक जातं आणि पावणेदोन किलोंवर सोडियम सल्फेट पाण्यात उरतं. आपल्या काळ्या जमिनीत सोडियम चढला की पाणी मुरत नाही, वर पापडी धरते. बायोगॅसलाही सरळ नेऊ नका, सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू होतो. त्यापेक्षा पहिलं घट्ट काळं पाणी (आम्ल न घातलेलं) थोडं ताज्या कॉस्टिकसोबत पुढच्या शिजवणीत फिरवा. लगदा काळवंडायला लागला की प्रमाण कमी करा.

आणि हे सगळं निव्वळ कॉस्टिकच्या लगद्यापुरतं. क्राफ्टच्या (कॉस्टिकसोबत सोडियम सल्फाइड घालून शिजवायच्या पद्धतीच्या) पाण्यात सल्फाइड असतं. त्यात उघड्या टाकीत आम्ल ओतलं तर निघणारा वायू जीव घेतो.