मदत हवी आहे: मोटार चोरीला गेली, ठाण्यात नोंद मात्र 'गहाळ'

तालुक्याच्या पोलीस ठाण्याबद्दल विचारतोय. विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. ठाणे अंमलदारांनी गहाळ म्हणून नोंद घेतली. बीट हवालदार येऊन जागा बघून गेले, नीट बोलले, पण एफआयआर नाही. मोटार २२ हजारांची, पावती आहे. म्हणजे ५,००० रुपयांच्या वरची चोरी, गुन्हा दखलपात्रच, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून स्वतः तपास करायचा असा. प्रभारी निरीक्षकांना लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. माणसं कमी आणि बंदोबस्त जास्त, हे दिसतंच. पण विम्याला एफआयआर लागतो. वकील सध्या परवडत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवणार आहे. त्याआधी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना भेटावं का? आणि अर्जाला पोच व पावतीशिवाय आणखी काय जोडावं?